साबण विकताना सांगितलेली गोष्ट : नभोवाणीवरील 'सोप ऑपेरा'चा इतिहास

२१ सप्टेंबर १९३९ हा दिवस नभोवाणीच्या इतिहासात एका निराळ्याच कारणाने जपला गेला आहे. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील डब्ल्यूजेएसव्ही या केंद्राने त्या दिवशी सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत जे जे प्रसारित केले, ते सारे ध्वनिमुद्रित करून राष्ट्रीय अभिलेखागारासाठी जतन करण्यात आले. युरोपात दुसरे महायुद्ध पेटून तेव्हा तीन आठवडेही पुरे झाले नव्हते. तटस्थतेच्या कायद्यात बदल करावा, यासाठी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्या दुपारी काँग्रेससमोर केलेले भाषण या मुद्रणात आहे. परंतु दिवसाचे मुद्रण ओळीने ऐकू लागले, की त्या भाषणाच्या आधी कानावर पडते ती पंधरा-पंधरा मिनिटांच्या कौटुंबिक कथांची लांबलचक रांग. 'बिग सिस्टर', 'रोमान्स ऑफ हेलन ट्रेंट', 'अवर गॅल संडे', 'द गोल्डबर्ग्ज', 'रोड ऑफ लाइफ' अशी एक कथा संपते न संपते तोच दुसरी सुरू होते आणि दोहोंच्या मध्ये साबणाची, पिठाची किंवा औषधाची जाहिरात येते.

या कथामालिकांना पुढे 'सोप ऑपेरा' हे नाव पडले. त्यातील 'सोप' म्हणजे प्रायोजकांचा साबण. 'ऑपेरा' हा शब्द मात्र उपहासाने जोडलेला आहे. काऊबॉयपटांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणण्याची प्रथा अमेरिकेत आधीपासून होती. तिच्याच धर्तीवर १९३० च्या दशकाच्या अखेरीस वृत्तपत्रांनी आणि व्यवसायातील मंडळींनी हा शब्द रूढ केला. ऑपेरासारख्या अभिजात संगीतनाट्याशी साबणाची सांगड घालून या मालिकांना आणि त्या ऐकणाऱ्या स्त्रियांना कमी लेखण्याचा हेतू त्यात होता. मालिका नभोवाणीवरून दूरचित्रवाणीवर गेल्या, त्यांच्याबरोबर हा शब्द गेला आणि त्यातला उपहासही गेला. म्हणूनच या मालिका कोणी, कशासाठी आणि कोणासाठी घडविल्या, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मोकळी पडलेली दुपार

अमेरिकेत नियमित व्यापारी प्रसारणाची सुरुवात १९२० मध्ये पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्रापासून झाली, असे सामान्यतः मानले जाते. १९२६ मध्ये एनबीसी आणि १९२७ मध्ये सीबीएस या जाळ्यांची स्थापना झाल्यावर एकच कार्यक्रम देशभर ऐकविणे शक्य झाले. १९३० च्या जनगणनेनुसार अमेरिकेतील सुमारे ४० टक्के कुटुंबांकडे रेडिओ होता. १९४० मध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले. महामंदीच्या दशकात अनेक घरखर्चांना कात्री लागली, पण रेडिओ घरात येत राहिला. एकदा विकत घेतला, की त्यावरची करमणूक फुकट होती.

त्यावेळी कार्यक्रमांचा सारा भर संध्याकाळवर असे. कामावरून परतलेला पुरुष आणि त्याचे कुटुंब एकत्र बसून ऐकतात, म्हणून संध्याकाळच्या वेळेला भाव होता. रोज पुढे सरकणारी कथा श्रोत्यांना बांधून ठेवते, हे १९२८ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या 'एमॉस अँड अँडी' या सायंकालीन मालिकेने सिद्ध केले होते. दोन गोऱ्या नटांनी कृष्णवर्णीयांची सोंगे काढून केलेल्या या मालिकेवर वांशिक विटंबनेचा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. तिची लोकप्रियता मात्र अफाट होती. दिवसाच्या वेळात स्वयंपाकाच्या कृती, घरगुती सल्ले आणि किरकोळ गाणी यांपलीकडे फारसे काही नसे. घरकामात गुंतलेली गृहिणी लक्ष देऊन काय ऐकणार, अशी प्रसारकांची समजूत होती.

साबण कंपन्यांचा हिशेब वेगळा होता. दिवसाच्या वेळेचा दर संध्याकाळच्या दराच्या जवळजवळ निम्मा होता. कपडे धुण्याचा साबण, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांची खरेदी गृहिणीच करीत असे आणि ती दर आठवड्याला करावी लागे. एका कंपनीच्या पावडरीत आणि दुसऱ्या कंपनीच्या पावडरीत ग्राहकाला सहज जाणवेल असा फरक नसल्याने दुकानात ऐनवेळी ओठांवर येणारे नाव महत्त्वाचे ठरे. ते नाव रोज, एकाच वेळी, आवडत्या माणसांच्या सहवासात कानावर पडावे, याहून प्रभावी जाहिरात दुसरी नव्हती. कोलगेट-पामोलिव्ह-पीट कंपनीच्या 'सुपर सड्स'ने पुरस्कृत केलेली 'क्लारा, लू अँड एम' ही विनोदी मालिका १५ फेब्रुवारी १९३२ रोजी संध्याकाळवरून दिवसा आणली गेली. राष्ट्रीय जाळ्यावरून दिवसा प्रसारित होणारी ही पहिली मालिका मानतात.

इर्ना फिलिप्स आणि हातून गेलेली कथा

या प्रकाराची खरी जडणघडण मात्र त्याआधीच शिकागोत सुरू झाली होती. इर्ना फिलिप्स हिचा जन्म १९०१ मधला. मोठ्या जर्मन ज्यू कुटुंबातील ती शेंडेफळ. अभिनेत्री होण्याची तिची इच्छा होती, पण रूपाच्या कारणाने ती वाट बंद झाली आणि ओहायो राज्यातील डेटन येथे तिने शिक्षिकेची नोकरी धरली. पुढे शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रात तिचा शिरकाव झाला. स्त्रियांसाठी रोजची कथा लिही, असे केंद्राने सुचविले आणि २० ऑक्टोबर १९३० रोजी 'पेंटेड ड्रीम्स' सुरू झाली. आयरिश वंशाची विधवा मदर मॉयनिहान आणि तिची मुले हा या मालिकेचा विषय. मालिका इर्ना लिहीत असे आणि आईची भूमिकाही तीच करीत असे. केवळ स्त्रीश्रोत्यांसाठी रचलेली पहिली कौटुंबिक नभोमालिका म्हणून तिचा उल्लेख होतो.

मालिकेला श्रोते मिळाले, तेव्हा ती राष्ट्रीय जाळ्याला विकावी, असे इर्नाचे म्हणणे पडले. केंद्राने नकार दिला. वाद न्यायालयात गेला आणि काही वर्षांनी निकाल केंद्राच्या बाजूने लागला. इर्ना नोकरीत असताना केंद्राच्या सांगण्यावरून लिहीत होती, म्हणून कथेची मालकी केंद्राची ठरली. पात्रे तिने निर्माण केली होती, त्यांना आवाज तिने दिला होता. पण कायद्याच्या दृष्टीने तिचे त्यात काहीही नव्हते.

हा धडा ती विसरली नाही. १९३२ मध्ये केंद्र सोडून तिने 'टुडेज चिल्ड्रेन' ही नवी मालिका उभी केली. आईचे नाव बदलले, घराचा साचा तोच राहिला. या वेळी हक्क स्वतःकडे ठेवण्याची दक्षता तिने घेतली. पुढे 'द गायडिंग लाइट', 'रोड ऑफ लाइफ', 'वुमन इन व्हाइट', 'द राइट टू हॅपिनेस' अशा मालिका तिने निर्माण केल्या. एकाच वेळी अनेक कथा चालवाव्या लागत असल्याने ती स्वतः क्वचितच लिहायला बसे. खोलीत येरझारा घालीत, प्रत्येक पात्राच्या आवाजात ती संवाद बोलून दाखवी आणि लेखनिक ते टंकलिखित करी. वैद्यकीय आणि कायदेशीर तपशील अचूक असावेत म्हणून ती डॉक्टर आणि वकील यांचा सल्ला घेत असे.

२५ जानेवारी १९३७ रोजी सुरू झालेल्या 'द गायडिंग लाइट'चा नायक रेव्हरंड रदलेज हा धर्मोपदेशक होता. त्याच्या अभ्यासिकेच्या खिडकीत जळणारा दिवा पाहून अडचणीत सापडलेल्या माणसाने केव्हाही दार ठोठवावे, अशी कल्पना होती. डॉक्टर, परिचारिका, धर्मोपदेशक अशा व्यावसायिकांना कौटुंबिक कथेच्या केंद्रस्थानी आणण्याची प्रथा इर्नाने रुजविली. आजही मालिकांत रुग्णालयाची खोली वरचेवर दिसते, तिचे मूळ येथे आहे.

इर्नाला व्यवहाराचे भान पुरेपूर होते. मालिकेने प्रायोजकाचा माल खपविला नाही, तर तिचा उद्देशच फसला, असे तिने स्पष्टपणे मांडले होते. साखरपुडा, लग्न, नव्या घराची मांडणी असे प्रसंग कथेत आणावेत, कारण त्यानिमित्ताने वस्तूंचा उल्लेख सहज करता येतो, हा विचारही तिचाच. तरीही १९३७ मध्ये आईचे निधन झाल्यावर 'टुडेज चिल्ड्रेन'मधील आईची कथा पुढे चालविणे तिला नकोसे झाले. ऐन लोकप्रियतेत असलेली ती मालिका तिने थांबविली आणि तिच्या जागी 'वुमन इन व्हाइट' दिली. मालकी स्वतःकडे असल्यामुळेच तिला हा निर्णय घेता आला.

हमर्ट दांपत्याचा कारखाना

इर्नाचा मार्ग एकटीच्या लेखणीचा होता. फ्रँक आणि अ‍ॅन हमर्ट यांनी त्याच शहरात वेगळी व्यवस्था उभारली. फ्रँक हे जाहिरात व्यवसायातील मुरलेले लेखक. पत्रकारिता करून आलेली अ‍ॅन त्यांची साहाय्यक म्हणून कामावर लागली. १९३५ मध्ये दोघांचा विवाह झाला. 'जस्ट प्लेन बिल', 'मा पर्किन्स', 'रोमान्स ऑफ हेलन ट्रेंट', 'बॅकस्टेज वाइफ', 'स्टेला डॅलस', 'यंग विडर ब्राउन' या सर्व मालिका त्यांच्या देखरेखीखाली निघाल्या.

कथेचा आराखडा हमर्ट पतिपत्नी ठरवीत. पुढील काही दिवसांत कोण कोणाला भेटेल, कोणते गुपित फुटेल, एवढेच त्यात असे. संवाद भरण्याचे काम पगारी लेखकांकडे जाई. या लेखकांना व्यवसायात 'डायलॉगर' म्हणत. त्यांची नावे श्रोत्यांना कळत नसत, मानधनही बेताचे असे आणि एक लेखक गेला तर दुसरा त्याच आराखड्यावरून काम पुढे नेई. मोटारीच्या कारखान्यातील फिरत्या पट्ट्याशी या पद्धतीची तुलना अनेकांनी केली आहे. आजच्या दैनंदिन मालिकांत कथाकार वेगळा, पटकथाकार वेगळा आणि संवादलेखक वेगळा असतो. ही श्रमविभागणी त्या काळात पक्की झाली.

या कारखान्यातील सर्वांत टिकाऊ व्यक्तिरेखा म्हणजे मा पर्किन्स. ऑगस्ट १९३३ मध्ये सिनसिनाटी येथील डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्रावर आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला एनबीसीवरून ही मालिका सुरू झाली. प्रायोजक होते प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि वस्तू होती कपडे धुण्याची 'ऑक्सिडॉल' पावडर. लाकडाची वखार चालविणारी, चार समजुतीच्या गोष्टी सांगणारी ही विधवा रशव्हिल सेंटर या काल्पनिक गावात राहत असे. तिला आवाज देणारी व्हर्जिनिया पेन सुरुवातीला अवघी तेवीस वर्षांची होती. सत्तावीस वर्षे तिने ही एकच भूमिका केली. नभोवाणी कलावंतांच्या संघटनेतही ती सक्रिय होती आणि पुढे या संघटनेची राष्ट्रीय अध्यक्ष झाली.

'रोमान्स ऑफ हेलन ट्रेंट'चा प्रश्न त्याहून धीट होता. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीच्या आयुष्यात प्रेमाला जागा असते का, हा तो प्रश्न. वेशभूषाकार असलेल्या हेलनचे वय पस्तीसच राहिले आणि तिचे लग्न सतत लांबत गेले. १९३३ ते १९६० या काळात ७,२२२ भाग झाले, तरी प्रश्न खुलाच होता.

पंधरा मिनिटांची बांधणी

प्रत्येक भाग पंधरा मिनिटांचा असला, तरी त्यात कथेच्या वाट्याला अकरा-बारा मिनिटेच येत. आरंभी ऑर्गनवर मालिकेची ओळखीची धून वाजे. मग निवेदक जाहिरात करी, आदल्या दिवशी काय घडले ते थोडक्यात सांगे आणि श्रोत्याला स्वयंपाकघरात किंवा दिवाणखान्यात आणून सोडी. दोन-तीन पात्रांचे संभाषण, दाराची घंटा, कपबशीचा आवाज, पावलांची चाहूल एवढ्यावर प्रसंग उभा राही. शेवटी पुन्हा जाहिरात आणि उद्या काय होईल, असा निवेदकाचा प्रश्न. पूर्ण वाद्यवृंद परवडत नसल्याने ऑर्गन वापरला गेला, पण तो या प्रकाराची खूणच बनला.

या मालिकांतला काळ अतिशय संथ चाले, याची टर त्या वेळीही उडविली जाई. परंतु या संथपणाला कारण होते. ऐकणारी स्त्री इस्त्री करीत असे, भाजी चिरीत असे, रडणाऱ्या मुलाला घेण्यासाठी मधूनच उठत असे. तिचे दोन दिवसांचे भाग चुकले, तरी तिसऱ्या दिवशी धागा सापडला पाहिजे, अशी ही रचना होती. एकच गोष्ट तीन पात्रे आपापल्या परीने एकमेकांना सांगत. त्यामुळे चुकलेला भाग भरून निघे आणि त्याच बातमीचा प्रत्येकावर होणारा परिणामही ऐकायला मिळे. घडामोडीपेक्षा घडामोडीवरची प्रतिक्रिया महत्त्वाची, हे कौटुंबिक मालिकेचे तत्त्व घरकामाच्या लयीतून आले आहे.

बहुतेक प्रसारण थेट होत असे. कलावंत संहिता हातात धरून ध्वनिक्षेपकासमोर उभे राहत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या व्यवसायाचे केंद्र शिकागोहून न्यूयॉर्कला सरकले. तेथे एक भाग संपताच दुसऱ्या केंद्रावरचा भाग गाठण्यासाठी धावणारे नट हे नेहमीचे दृश्य होते. १९४० च्या सुमारास राष्ट्रीय जाळ्यांवरून दिवसाला साठहून अधिक मालिका ऐकविल्या जात आणि दिवसाच्या प्रायोजित कार्यक्रमांतील बहुतांश वेळ त्यांनीच व्यापलेला होता.

आरोप आणि अभ्यास

एवढा पसारा वाढल्यावर टीका होणे स्वाभाविक होते. रोजची संकटे, स्मृतिभ्रंश, खोटे खटले आणि फसलेली लग्ने ऐकून स्त्रियांचे मन दुबळे होते, असा आरोप होऊ लागला. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्क परिसरातील काही महिला मंडळांनी 'मी ऐकत नाही' अशी मोहीम काढली. १९४२ मध्ये लुइस बर्ग या न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञाने मालिकांमुळे चिंता, धडधड आणि इतर विकार बळावतात, असा निष्कर्ष जाहीर केला. त्यासाठी त्याने मालिका ऐकताना स्वतःचाच रक्तदाब मोजला होता. ज्या लक्षावधी स्त्रियांविषयी तो बोलत होता, त्यांना काही विचारण्याची गरज त्याला वाटली नाही.

हर्टा हर्झोग हिने त्यांना विचारले. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेली ही संशोधिका पॉल लाझार्सफेल्ड यांच्या नभोवाणी संशोधन केंद्रात काम करीत होती. १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्क परिसरातील शंभर स्त्रियांच्या मुलाखती घेण्यात आल्या होत्या. काहींना मालिका ऐकून रडता येत असे आणि त्यामुळे मन हलके होई. काहींना आपल्या आयुष्यात नसलेले सुख तेथे मिळे. काहींचा उपयोग अगदी व्यवहारी होता : नवऱ्याशी कसे बोलावे, मुलांना कसे समजवावे, दुःखाच्या प्रसंगी काय करावे, हे त्या मालिकेतून शिकत. १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या पुढील अभ्यासात आयोवा राज्यातील श्रोत्या स्त्रियांचे सर्वेक्षण होते. मालिकांमुळे आपल्या अडचणी हाताळायला मदत झाली, असे त्यांतील ४१ टक्के स्त्रियांनी सांगितले. मालिका ऐकणाऱ्या स्त्रिया न ऐकणाऱ्यांपेक्षा एकलकोंड्या किंवा समाजापासून तुटलेल्या असतात, ही समजूतही या पाहणीत टिकली नाही.

हर्झोगने मालिकांची भलामण केली नाही. मालिकांतून मिळणारा सल्ला वरवरचा असू शकतो, हे तिने नोंदविले. पण माध्यम माणसांचे काय करते, या प्रश्नाबरोबरच माणसे माध्यमाचे काय करतात, हा प्रश्न तिने विचारला. माध्यमशास्त्रातील 'उपयोग आणि समाधान' या विचारधारेचा आरंभ म्हणून तिच्या या कामाकडे पाहिले जाते. एका विद्याशाखेची पायाभरणी ज्यांच्या बोलण्यावरून झाली, त्या सामान्य गृहिणी होत्या.

मालिकांचा प्रभाव सरकारलाही ठाऊक होता. अमेरिका युद्धात उतरल्यावर युद्धमाहिती कार्यालयाने शिधावाटप, युद्धरोखे, स्त्रियांचे कारखान्यांतील काम अशा विषयांवरील संदेश मालिकांतून गुंफण्याची व्यवस्था केली. 'मा पर्किन्स'मध्ये तिचा मुलगा जॉन युद्धात मारला गेला आणि त्याला युरोपातच पुरले, असे दाखविण्यात आले. ज्यांच्या घरी तशीच तार आली होती, अशा श्रोत्यांची संख्या त्या वेळी मोठी होती.

पडदा आणि निरोप

१९४० च्या दशकाच्या अखेरीस दूरचित्रवाणी आली, तेव्हा दिवसाच्या मालिका पडद्यावर चालणार नाहीत, असे अनेकांना वाटे. हातातले काम सोडून गृहिणी पडद्यासमोर कशी बसेल, हा प्रश्न होता. इर्ना फिलिप्सची 'दीज आर माय चिल्ड्रेन' ही मालिका १९४९ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि महिनाभरातच बंद पडली. ३० जून १९५२ रोजी 'द गायडिंग लाइट' दूरचित्रवाणीवर सुरू झाली. १९५६ पर्यंत ती दोन्ही माध्यमांतून चालली, म्हणजे कलावंतांना एकच भाग दोनदा सादर करावा लागे. २ एप्रिल १९५६ रोजी इर्नाच्याच 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'ने अर्ध्या तासाचा भाग आणला आणि पंधरा मिनिटांचे युग मागे पडू लागले.

प्रायोजकांचा पैसा पडद्याकडे वळला, स्थानिक केंद्रांना दुपारचा वेळ स्वतःच्या कार्यक्रमांसाठी हवासा वाटू लागला. एकेक नभोमालिका बंद झाली. २५ नोव्हेंबर १९६० रोजी सीबीएसने उरलेल्या चार मालिका एकाच दिवशी संपविल्या : 'मा पर्किन्स', 'द राइट टू हॅपिनेस', 'यंग डॉक्टर मलोन' आणि 'द सेकंड मिसेस बर्टन'. 'मा पर्किन्स'चा तो ७,०६५वा भाग होता. कथा संपल्यावर व्हर्जिनिया पेनने श्रोत्यांचा थेट निरोप घेतला. अमेरिकेतील दिवसाच्या नभोमालिकांचे पर्व त्या दिवशी संपले.

साबणाशिवाय आणि साबणासह

हा प्रकार अमेरिकेपुरता राहिला नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीला जाहिराती वर्ज्य होत्या आणि अमेरिकी मालिकांविषयी तेथे नापसंतीही होती. परंतु युद्धकाळात अमेरिकी श्रोत्यांची सहानुभूती मिळविण्यासाठी १९४१ मध्ये बीबीसीने 'फ्रंट लाइन फॅमिली' ही मालिका परदेशी सेवेवरून सुरू केली. १९४८ मध्ये 'मिसेस डेल्स डायरी' आली. १ जानेवारी १९५१ पासून देशभर ऐकू येऊ लागलेल्या 'द आर्चर्स'चा मूळ उद्देश तर शेतकऱ्यांपर्यंत सुधारित शेतीची माहिती पोहोचविण्याचा होता. २२ सप्टेंबर १९५५ रोजी, ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली त्याच संध्याकाळी, या मालिकेतील ग्रेस आर्चर ही तरुणी आगीत मरण पावली आणि बीबीसीकडे दुःखी श्रोत्यांच्या दूरध्वनींची रीघ लागली. 'द आर्चर्स' आजही चालू आहे. कथा विकायला साबण नसला, तरी कथा तग धरते, याचा हा पुरावा होय.

क्यूबात मात्र साबण कंपन्याच पुढे होत्या. १९४८ मध्ये हवाना येथील सीएमक्यू केंद्रावरून फेलिक्स काइग्नेत यांची 'एल देरेचो दे नासेर' ही मालिका गाजली आणि लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत पोहोचली. तेथील नभोमालिकांतून दूरचित्रवाणीवरील 'तेलेनोव्हेला' हा प्रकार वाढला. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी साक्षरता आणि कुटुंबनियोजन यांसारखे विषय घेऊन अशा मालिका रचल्या. त्याच धर्तीवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली 'हम लोग' ही मालिका ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर सुरू झाली. भारतीय घरांत रोजच्या मालिकेची जी सवय पुढे रुजली, तिचा एक धागा असा मेक्सिको आणि क्यूबामार्गे नभोवाणीपर्यंत जातो.

आपल्या नभोवाणीची परिस्थिती निराळी होती. आकाशवाणी सरकारी असल्याने जाहिरातींना तेथे दीर्घकाळ प्रवेश नव्हता. व्यापारी प्रायोजक रेडिओ सिलोनकडे वळले, पण तेथे टूथपेस्टची सोबत झाली ती 'बिनाका गीतमाला'च्या रूपाने चित्रपटगीतांशी. विविध भारतीवर जाहिराती आल्या त्या १९६७ मध्ये आणि त्यांचा प्रारंभ मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून झाला. तरीही रोजच्या संसाराची श्रुतिका आपल्याकडे होतीच. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' या मालिकेतील प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ही पात्रे जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांनी ती घराघरांत पोहोचली. तिच्यामागे कोणताही साबण नव्हता. चार भिंतींतले बोलणे ऐकण्याची ओढ मात्र तीच होती.

उरलेला प्रश्न

'द गायडिंग लाइट' मधले काही खंड वगळता बहात्तर वर्षे चालून १८ सप्टेंबर २००९ रोजी थांबली. 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स' १७ सप्टेंबर २०१० रोजी संपली. इर्ना फिलिप्स १९७३ मध्ये वारली. तिच्या हाताखाली तयार झालेल्या अ‍ॅग्नेस निक्सन आणि विल्यम बेल यांनी दूरचित्रवाणीवर स्वतःच्या मालिका उभ्या केल्या.

या मालिका निर्दोष होत्या, असे कोणी म्हणणार नाही. त्यांत भाबडेपणा होता, पुनरुक्ती होती, कृष्णवर्णीय पात्रांना जवळपास जागा नव्हती आणि बाईचे जग घरापुरतेच, हे गृहीतक बहुधा कायम असे. माल खपविणे हाच त्यांच्या जन्माचा हेतू होता. पण त्या हेतूपायी का होईना, घरात एकट्याने राबणाऱ्या स्त्रीची दुपार पहिल्यांदा कोणीतरी मोलाची मानली. तिच्या कामाच्या वेगाशी जुळेल अशी कथा रचली आणि तिच्या ओळखीचे प्रश्न तिच्यापुढे मांडले. कंपन्यांनी तिच्याकडे ग्राहक म्हणून पाहिले, टीकाकारांनी रुग्ण म्हणून. ती काय ऐकते आणि त्यातून काय घेते, हे तिलाच विचारणारे थोडे होते. मालिकांना नावे ठेवण्याची रीत आजही तशीच आहे. नावे ठेवण्यापूर्वी, हातातले काम न थांबवता त्या ऐकणाऱ्या बाईला एकदा विचारून पाहावे, एवढा धडा या इतिहासातून घेता येईल.